मांडवडहाळे निघाले अंदमानाला

लग्न अंदमानातल्या एका बेटावर ठरलंय असं कृष्णराजनं फोनवर सांगितलं, तेव्हा महारुद्र तात्यांनी ना तारीख विचारली, ना मुलाचं गाव. त्यांनी विचारलं, "मग मांडवडहाळे कशात न्यायचे?"

फोन पुण्याहून होता. कृष्णराज हा तात्यांचा धाकटा भाऊ, आणि लग्न त्याच्या मुलीचं, प्रतीक्षाचं. "दादा," तो म्हणाला, "तिथं सगळं इव्हेंटवाले करतात. आपण फक्त जायचं, बसायचं आणि जेवायचं."

तात्यांना हे बोलणं लागलं. लागणारच. ज्या माणसानं भावकीतली झाडून सगळी लग्नं अंगावर घेऊन पार पाडली, आचाऱ्यापासून अक्षतांपर्यंत ज्याला विचारल्याशिवाय पान हललं नाही, त्याला सख्ख्या पुतणीच्या लग्नात बसायचं आणि जेवायचं काम. ते तर माणूस तेराव्यालाही करतो.

आता मांडवडहाळे म्हणजे काय, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. पण तात्यांचा सख्खा भाऊ पुण्यात राहून विसरला, तिथं इतरांना काय बोल लावायचा, म्हणून सांगून ठेवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी आपल्याच रानातल्या आंब्याच्या, जांभळाच्या, उंबराच्या फांद्या तोडायच्या आणि बैलगाडीत रचायच्या. बैलांच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, पुढं हलगी. गाडी आधी मारुतीला जाणार, तिथं नारळ फुटणार, मग घरी. दारात सुवासिनी बैलांच्या पायांवर पाणी घालणार, गाडी ओवाळणार, आणि ते डहाळे मांडवावर चढले की घर लग्नघर झालं. तोवर नुसता कापडाचा कारभार.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या पुढं तात्यांचं गाव. तिथं त्यांच्या रानाच्या बांधावर एक उंबर आहे. तो कुणी लावला कुणाला ठाऊक नाही, पण घरातलं एक लग्न त्याच्या डहाळ्यावाचून झालेलं नाही. गजराबाई आत्याच्या लग्नात तोच, तात्यांच्या लग्नात तोच. तात्यांच्या धाकट्या चुलतबहिणीचं लग्न झालं तेव्हा प्रतीक्षा असेल चार-पाच वर्षांची. ती डहाळ्यांच्या ढिगावर पार वर जाऊन बसली, हलगीच्या तालावर मान हलवत गावभर फिरली, आणि दारात गाडी थांबल्यावर उतरेचना.

"तात्या, माझ्या लग्नात पण मीच इथं बसणार."

"बसवीन की."

"शपथ?"

"भवानीआईची शपथ."

नवरी डहाळ्यांच्या गाडीत बसत नसते, हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नाकातून शेंबूड गळत असलेल्या पोरीपुढं रीतभात कोण काढतो? पोरं असल्या शपथा विसरून जातात. मोठ्यांची पंचाईत अशी की ती विसरत नाहीत, आणि त्यातही ज्यांना स्वतःचं लेकरू नाही ती तर अजिबात नाहीत. तात्या आणि राजेश्वरीकाकूंच्या घरात दर उन्हाळ्यात धिंगाणा घालायला एकच पोर यायची, ती प्रतीक्षा.

तात्यांनी नोकरी केली ती एसटीत, वाहतूक नियंत्रक म्हणून. हयात माइकपुढं गेली. त्यांचा आवाज असा की स्टँडवर "सुटत आहे" म्हणाले की बाहेरच्या हॉटेलातली माणसं चहा बशीत ओतून संपवायची. एक मात्र तत्त्व होतं. रस्त्यात टायर बसो की बाजाराची गर्दी लागो, गाडी उशिरा आली म्हणून तात्यांनी माइकवरून कधी दिलगिरी व्यक्त केली नाही. "गाडी येते तीच तिची वेळ," असं ते म्हणायचे. प्रवाशांनी पुष्कळ वाद घातले, पण माइक तात्यांच्या हातात असायचा.

असा माणूस बैलगाडीच्या वाटेत समुद्र आडवा आला म्हणून गप्प बसेल हे शक्य नव्हतं. बैलगाडीचं पुढं बघू, आधी डहाळे पोचवू, असं त्यांनी ठरवलं, आणि धाराशिवातल्या त्यांच्या कॉलनीत ही बातमी गेली. तिथून खरा प्रकार सुरू झाला.

शेजारचे कल्याणप्पा एकदा अंदमानला सहलीला जाऊन आले होते. तेव्हापासून ते बेट आपल्या नावावर झाल्यासारखे बोलत. "कंट्रोलरसाहेब, पोतं ओलं करा. चिंब. वरून प्लॅस्टिक, वरून दोरी. हवा म्हणून लागू द्यायची न्हाय. आपली द्राक्षं परदेशात जातात ती कशी?"

"द्राक्षं थंड गाडीत जातात, कल्याणप्पा."

"मग तेच म्हणतोय मी. विमान वर गेलं की थंडच असतं."

कल्याणप्पांनी आणखी एक पाचर मारून ठेवली. फांद्या आपल्याच रानातल्या आहेत याचा पुरावा जवळ असू द्या, म्हणाले, नाहीतर कुणी चंदन समजून आत घालायचं. झालं, तात्या तलाठी कार्यालयात सातबारा काढायला गेले. सातबारा निघाला. त्यावर आंब्याची झाडं होती, जांभूळ होतं, उंबर नव्हता.

"उंबराची नोंदच न्हाय," समोरचा माणूस म्हणाला.

"बांधावर आहे की."

"बांधावर असंल. कागदावर न्हाय."

"आमच्या आत्याच्या लग्नात त्याचे डहाळे होते."

"तसं असंल तर अर्ज करा. पंचनामा होईल, साहेब येतील, बघतील. लग्न कधी हाय?"

"पुढच्या महिन्यात."

"मग पुढच्या लग्नाला उपेगी पडंल."

घरात पुढचं लग्न नव्हतं. ज्या झाडाखाली आपण शाळा बुडवून झोपलो ते झाड सरकारदरबारी जन्मलेलंच नाही, या विचारानं तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण दुसरी भाकरी घेतली नाही.

पहिली पत्रिका तुळजापूरला देवीपुढं ठेवली. पुजाऱ्यांनी ती वाचली, लग्नस्थळावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुठल्या मार्गे?" तात्यांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत मार्ग विचारणारा पहिला माणूस भेटला होता. "सोलापूर, हैदराबाद, पुढं विमान, पुढं बोट," त्यांनी एका दमात सांगितलं, आणि देवळातली दोन-चार माणसं सवयीनं पिशव्या उचलून उभी राहिली.

निघायच्या सकाळी तात्यांनी गावाकडं जाऊन स्वतः उंबरावर कोयता चालवला. खाली गजराबाई आत्या उभी होती. ऐंशीच्या घरातली, नऊवारी लुगडं, कमरेला पिशवी. तिला न्यायचं की नाही यावर कृष्णराजनं फोनवर बराच काथ्याकूट केला होता. आत्यानं तो एका वाक्यात मिटवला. "म्या जेवाया येत न्हाय, म्या डहाळं ववाळाया येणार." तिनं पडलेली प्रत्येक फांदी उचलून तिच्यावरून हात फिरवला आणि बारकी उंबरं लगडलेली होती ती निराळी काढली. "हीबी घे रं रुद्रा. निसता पाला काय न्यायचा."

फांद्या चिंब पोत्यात, पोतं प्लॅस्टिकात, वर दोरी. जीप हैदराबादला लागली.

विमानतळावर पहिला खटका कोयत्यावरून उडाला. तात्यांनी तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवला होता, कारण बेटावर फांद्या छाटायला लागणार. तपासणीवाल्यानं तो बाहेर काढला तेव्हा आजूबाजूची माणसं दोन पावलं मागं सरली.

"चाचा, ये अंदर नई जाता."

"शादी का है," तात्या म्हणाले. "मंडवे का." आमच्या गाड्यांत ऊसतोडीची माणसं कोयते घेऊनच बसतात, आणि आजवर एकानंही ड्रायव्हरला गाडी दुसरीकडं न्यायला सांगितली नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. त्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कोयता परत हातात दिला. तो जीपच्या ड्रायव्हरला फोन करून त्याच्या हवाली करावा लागला.

दुसरा खटका वजनाचा. सामान जास्त भरलं. पोतं पाण्यानं फुगलेलं, त्यात राजेश्वरीकाकूंनी शेंगाचटणीचे डबे कोंबलेले. काहीतरी काढावंच लागणार होतं. काकूंनी क्षणभर पोत्याकडं पाहिलं, क्षणभर डब्यांकडं, आणि बॅगेतून तात्यांचे दोन्ही सफारी काढून ड्रायव्हरच्या हातात ठेवले.

"अहो, मी घालू काय लग्नात?"

"तुम्हाला कोण बघतंय?" काकू म्हणाल्या. "चटणी सगळे बघतील."

आत गेल्यावर तात्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली आणि त्यांना फार वाईट वाटलं. एवढं टोलेजंग स्टँड, एवढ्या गाड्या सुटतात, आणि माइक बंद. माणसं आपापल्या पाट्या वाचून निघून चाललेली. कुणाचं नाव नाही, कुणाचा मार्ग नाही. ते बराच वेळ एका खांबाला टेकून छताकडं पाहत राहिले. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "ह्यांना माणूस मिळाला नसेल."

बोटीवर गजराबाई आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. कठड्याला धरून पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाली, "येवढं पानी, आन् येका वाफ्याला उपेग न्हाय." आमच्याकडच्या माणसानं समुद्राविषयी याहून जास्त काय बोलावं? तेवढ्यात बोटीवरचा एक पोरगा नाक धरून आला आणि पोत्याकडं बोट दाखवून यात मासे आहेत का, असं विचारू लागला. तात्या रागावले. माळकऱ्याला मासे. पण राग ओसरल्यावर त्यांनाही वास आला.

बेटावरच्या रिसॉर्टमध्ये पोचल्यावर त्यांनी खोलीमागच्या वाळूत पोतं नेलं, दोरी सोडली, आणि मटकन खाली बसले.

उंबराची पानं पोत्यात शिजली होती. काळी, लिबलिबीत, हात लावला की गळून हातात येणारी. आंब्याचं तसंच, जांभळाचं तसंच. झटकून झटकून उरल्या त्या नुसत्या काटक्या. उंबराच्या फांद्यांना तेवढी बारकी उंबरं चिकटून राहिली होती. तात्यांनी कल्याणप्पांना फोन लावला. रेंज नव्हती, हे कल्याणप्पांचं नशीब.

आणि मान वर करून पाहावं तर चहूकडं झाडंच झाडं. हिरवीगार, ओथंबलेली, समुद्रापर्यंत. त्या हिरव्या बेटावर पानं गळलेल्या काटक्या घेऊन आलेला सबंध जगातला हा एकच माणूस असणार. त्यातून सफारी गेल्यामुळं आणि अंगातला शर्ट पोत्याच्या पाण्यानं माखल्यामुळं त्यांना रिसॉर्टच्या दुकानातला शर्ट घ्यावा लागला होता. पोपटी रंगाचा, आणि पोटावर नारळाचं झाड. हयातभर खाकीत काढलेला माणूस तो. आरशात बघायचंच त्यांनी सोडून दिलं.

तेवढ्यात इव्हेंटवाली मुलगी तिकडून आली. कानात यंत्र, हातात मोबाइल. तिनं काटक्या पाहिल्या आणि तिचे डोळे चमकले. "अंकल, किती मस्त. एकदम रस्टिक. आपण ह्या फोटोच्या कोपऱ्यात लावू या का? अजून आहेत?"

कुणी टाकून द्या म्हणालं असतं तर तात्यांना भांडता आलं असतं. "फोटोत नाही," ते एवढंच म्हणाले. "मांडवावर असतात ते." मग त्यांनी काटक्या गोळा करून खोलीमागं भिंतीच्या आडोशाला उभ्या केल्या आणि वरून रिकामं पोतं टाकलं. रात्री जेवताना कृष्णराज आला, त्यांच्या शर्टाकडं बघून हसू दाबत म्हणाला, "दादा, जमवून घेतलं की." तात्या बसले होते आणि जेवत होते. नेमून दिलेलं काम ते चोख करत होते.

प्रतीक्षा दिवसभर दिसली ती लांबूनच. कधी मेंदी, कधी फोटो, सोमेशच्या, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याच्या मित्रांचा घोळका. एकदा तिनं हात हलवला. तात्यांनीही हलवला. मोठी झाली पोर, त्यांना वाटलं, आणि झाली ते चांगलंच आहे. आपणच उगाच एका शेंबड्या पोरीला दिलेला शब्द विमानातून घेऊन आलो. तिला कुठला आठवायला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन खोलीमागं आले तर पोतं बाजूला पडलं होतं आणि काटक्यांशेजारी प्रतीक्षा वाळूत फतकल मारून बसली होती. हातांवर मेंदी, केसांना चाप, आणि तोंडात काहीतरी.

"अगं, काय खातीस?"

"उंबर. कच्चं आहे. तुरट लागतंय." तिनं तोंड वाकडं केलं आणि तरीही गिळलं. "काकू म्हणाली तुम्ही हे लपवून ठेवलंय."

"लपवलं नाही. पाला गळला म्हणून ठेवलं. इथं काय, झाडं आहेत हवी तेवढी, हिरवीगार. ते इव्हेंटवाले लावतील फुलं..."

"तात्या, गाडी कधी निघणार?"

"कसली गाडी?"

"कसली काय? मी लग्न बेटावर म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, खुळी आहेस का, कोण येणार तिथं. मी म्हटलं, तात्या डहाळे घेऊन येतील बघा. पैज लावलीय त्यांच्याशी. आता तुम्ही भवानीची शपथ मोडणार असलात तर मी काय, गप बसते."

तात्यांनी चहाचा कप वाळूत ठेवला. तो लगेच कलंडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. "म्हणजे तुला माहीत होतं आम्ही आणणार ते?"

"माहीत होतं म्हणून तर फोन करून सांगितलं नाही. सांगून आणलेल्या डहाळ्यांत काय मजा?"

यानंतर जे झालं ते त्या रिसॉर्टनं कधी पाहिलं नसावं. तिथं पाहुण्यांचं सामान वाहायला बॅटरीवर चालणारी एक बुटकी गाडी होती. तिच्या मागच्या सपाट पाटावर तात्यांनी काटक्या रचल्या, आणि माळ्याला विचारून तिथल्याच आंब्याचे हिरवे डहाळे वरून घातले. गजराबाई आत्यानं पिशवीतून कुंकू काढून गाडीच्या दोन्ही दिव्यांना लावलं, कारण शिंगं नव्हती. ड्रायव्हर तिथलाच, मराठीचं एक अक्षर न कळणारा. काकूंनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि खांद्यावर टॉवेल, तसा तो आपोआप ताठ बसला.

"पण मारुती?" कृष्णराज म्हणाला. पैज हरल्यापासून त्याला सगळी रीत भराभर आठवायला लागली होती. "गाडी आधी मारुतीला जाते."

सगळे आत्याकडं बघायला लागले. "आरं, त्यो तर समुंदर वलांडून गेल्याला द्येव," आत्या म्हणाली. "इसाव्याला हितं कुठंतरी टेकला आसंलच." तिनं वाळूतला एक गोटा उचलला, आंब्याच्या बुंध्याशी ठेवला, कुंकू लावलं, आणि मारुती झाला. नारळाची तिथं ददातच नव्हती. हलगी नव्हती तर सोमेशच्या मित्रांनी जेवणघरातले दोन डबे आणले आणि त्या मित्रांतल्या एकाला खरोखरच ठेका जमत होता.

मग प्रतीक्षा डहाळ्यांवर चढली. पार वर जाऊन बसली. तात्यांच्या डोक्यावर कुणीतरी फेटा बांधला. खाली तो पोपटी शर्ट, पोटावर नारळाचं झाड.

"तात्या, पुकारा ना," ती वरून म्हणाली. "तुम्ही पुकारल्याशिवाय गाडी सुटते का?"

तात्यांनी घसा खाकरला. ज्या आवाजावर माणसं गरम चहा घशाखाली ओतायची, तो आवाज नेमका त्या दिवशी अडला. राजेश्वरीकाकूंनी पाण्याची बाटली पुढं केली. ते घोटभर प्यायले, आणि मग समुद्राकडं तोंड करून, तळवा कानाशी धरून, खणखणीत सुरू झाले.

"प्रवाशांनी कृपया इकडं लक्ष द्यावं. वाशीहून निघालेली, सोलापूर-हैदराबाद मार्गे आलेली मांडवडहाळ्यांची गाडी मारुतीवरून लग्नमांडवाकडं सुटत आहे."

ड्रायव्हरला एक शब्द कळला नाही, पण त्यानं गाडी सुरू केली. तात्यांनी हात वर करून ती थांबवली. पुकारा अजून संपला नव्हता. त्यांनी ढिगावरच्या पुतणीकडं एकदा पाहिलं.

"ही गाडी," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज स्टँडचा नव्हता, घरातला होता, "फार वर्षं उशिरानं धावत आहे. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."